उंची कमी वाटते? आधी वर्षभरात किती वाढली ते पाहा

एका आईने विचारलेला प्रश्न असा: मुलगी ९ वर्षं ४ महिन्यांची, चौथीत. उंची ११५ सेंटिमीटर. प्रार्थनेच्या रांगेत पहिलीपासून सगळ्यांत पुढे उभी असते. आईची उंची १५२, वडिलांची १६५. आजी म्हणते, "मोठी झाली की आपोआप उंची घेईल." ओळखीच्या लॅबमधून ग्रोथ हार्मोनसकट रक्ततपासण्यांचं पॅकेज सुचवलं गेलंय. ते करावं का, नेमकं काय तपासून घ्यावं, आणि डॉक्टरांकडे जाताना कोणते कागद न्यावेत?

थेट उत्तर आधी देते. ताई, तुमच्या मुलीची नीट तपासणी व्हायला हवी आणि ती पुढच्या काही आठवड्यांतच व्हावी. "आणखी वर्षभर बघू" म्हणण्याचं हे वय नाही. पण सुरुवात पॅकेजने करू नका. आधी उंची बरोबर मोजून घ्या, मागच्या नोंदी शोधून काढा आणि त्या वाढीच्या तक्त्यावर मांडा. निम्मं निदान तिथेच होतं. रक्त काढायचं ते त्यानंतर, आणि त्यातून काय शोधतोय हे ठरवून.

मी काळजीने लिहितेय त्याचं कारण साधं गणित आहे. आईवडिलांच्या उंचीवरून मुलाची अपेक्षित उंची काढता येते. दोघांची उंची मिळवायची, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, मुलगा असेल तर १३ मिळवायचे आणि निम्मे करायचे. तुमच्या बाबतीत १६५ आणि १५२ मिळून ३१७, त्यातून १३ गेले की ३०४, निम्मे १५२. या आकड्याच्या वर-खाली साधारण ८ सेंटिमीटरचा पट्टा धरतात. मोठ्या मुलींच्या तक्त्यावर १५२ ही उंची रेषांच्या आत व्यवस्थित बसते. तुमची लेक मात्र तिच्या वयाला सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेच्याही खाली आहे. आईबाप मध्यम चणीचे आणि मूल तक्त्याच्या बाहेर, हे अंतर "आमच्या घरात सगळे असेच" म्हणून सुटत नाही.

या सूत्राला दोन पथ्यं आहेत. पहिलं म्हणजे आईवडिलांची उंची तिथल्या तिथे मोजायची, विचारून लिहायची नाही. आपल्याकडे "पाच पॉइंट सहा" असं सांगायची सवय आहे. सांगणाऱ्याच्या मनात ५ फूट ६ इंच असतं, म्हणजे १६७.६ सेंटिमीटर. लिहिणारा मात्र कॅल्क्युलेटरवर ५.६ फूट टाकतो आणि १७०.७ काढतो. तीन सेंटिमीटर तिथेच वाढले. शिवाय लग्नाच्या बायोडेटात चढवलेली उंची आयुष्यभर तोंडात राहते, ती वेगळीच. दुसरं पथ्य असं की आई किंवा वडील स्वतःच फार ठेंगणे असतील, तर त्यांच्या उंचीमागेही काही आजार किंवा हाडांचा आनुवंशिक दोष आहे का हे पाहायचं. "बापावर गेलाय" एवढ्यावर फाइल बंद करायची नाही. बापाचं निदान कधी झालंच नसेल, तर मुलासोबत त्याचंही होतं.

आता तक्त्याबद्दल. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरायचे आणि ५ ते १८ या वयासाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचे (आयएपी) २०१५ चे. परदेशात राहणारी मराठी कुटुंबं सुट्टीत येतात तेव्हा तिथले तक्ते सोबत आणतात. अमेरिकन तक्त्यावर आपलं निरोगी मूलही खालच्या रेषांत दिसू शकतं, म्हणून फाइलमध्ये तक्ता कोणता ते लिहिलेलं असावं आणि दरवेळी तोच वापरावा. तिसऱ्या पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच की त्या वयाच्या १०० निरोगी मुलांत सुमारे तिघांची उंची याहून कमी असते. म्हणजे या रेषेखालचं प्रत्येक मूल आजारी नसतं. आणि रेषेच्या वर असलेलं प्रत्येक मूल ठणठणीत असतं असंही नाही. तिसरीत पन्नासाव्या पर्सेंटाइलवर असलेला मुलगा पाचवीत दहाव्यावर आला, तर उंची तक्त्याच्या आत असूनही मी त्याची तपासणी करते.

याला कारण वाढीचा वेग. सगळ्या उत्तरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जन्मतः बाळ साधारण ५० सेंटिमीटरचं असतं. पहिल्या वर्षी ते सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १० ते १२. पुढे वेग उतरत जातो आणि चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटरवर स्थिरावतो. वयात येताना मुली वर्षाला आठएक आणि मुलगे नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत झेप घेतात. पहिल्या दोन वर्षांत मूल तक्त्यावरच्या रेषा ओलांडू शकतं, कारण पोटातल्या वाढीवर आईच्या प्रकृतीचा जोर असतो आणि जन्मानंतर मूल स्वतःच्या आनुवंशिक मापाकडे सरकतं. दोन वर्षांनंतर मात्र निरोगी मूल आपली रेषा सहसा सोडत नाही. पाच वर्षांच्या पुढचं आणि वयात न आलेलं मूल वर्षाला ४ सेंटिमीटरही वाढत नसेल, तर त्याची उंची तक्त्यावर कुठेही असो, कारण शोधायलाच हवं. चार ते पाचच्या मधला वेग असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजून ठरवता येतं.

तुम्ही म्हणाल, मागचा वेग आता कुठून आणायचा? मुलीची प्रगतिपुस्तकं काढा. आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीचं माता-बाल संरक्षण कार्ड, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेल्या तपासणीची नोंद, जुनी प्रिस्क्रिप्शनं, जिथे जिथे तारखेसह उंची आहे ते सगळं जमवा. या नोंदी काटेकोर नसतात. काही शाळांत दोन्ही सत्रांना एकच आकडा उतरवलेला दिसतो, कुठे बुटांसकट मोजलेलं असतं. तरी चार-पाच वर्षांचे आकडे एका कागदावर आले की कल समजतो. पहिलीपासून ती खालच्याच रेषेला समांतर चालली आहे की मध्येच कुठेतरी वाढ अडली आहे, हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी. तारखा नसलेले फोटोही उपयोगी पडतात. गॅदरिंगच्या फोटोत बालवाडीत ती मैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावून उभी असेल आणि तिसरीत एकदम खुजी दिसत असेल, तर मधल्या वर्षांत काय झालं हे विचारायला सुरुवात करता येते.

मोजण्याकडे मी फार लक्ष देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून, इन्फँटोमीटरवर, दोन माणसांनी मोजायची. दोन वर्षांनंतर उभं करून. झोपवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त येतं. म्हणून एकदा झोपवून आणि पुढच्या वेळी उभं करून मोजलं, तर बाळाची वाढ खोटीच मंदावलेली दिसते.

मोठ्या मुलीला मोजताना आधी बूट-मोजे काढायचे. मग केस. अंबाडा, वर बांधलेल्या वेण्या, हेअरबँड, क्लिप, सगळं सोडायचं. शाळेच्या दोन वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या असतात, त्यावर पट्टी टेकवली की दोन सेंटिमीटर फुकट मिळतात. टाचा जुळलेल्या आणि भिंतीला टेकलेल्या, गुडघे सरळ, नितंब आणि खांदे मागे लागलेले. नजर समोर, अशी की डोळ्याची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत येईल. मुलं मोजताना हमखास हनुवटी वर करतात, उंच दिसावं म्हणून, पण त्याने माप उलट कमी येतं. कानामागच्या हाडांखाली बोटं ठेवून डोकं हलकेच वर उचलून धरायचं, मुलाला श्वास घेऊन सोडायला सांगायचा आणि पट्टी केस दाबून डोक्याला टेकवायची. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. मुलाला खाली उतरवून पुन्हा उभं करायचं, असं तीनदा, आणि सरासरी लिहायची. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सेंटिमीटरभर उतरू शकते, त्यामुळे दरवेळी साधारण त्याच वेळेला मोजावं. दवाखान्यातलं उंची मोजायचं यंत्रही (स्टॅडिओमीटर) मधूनमधून ठरावीक लांबीच्या दांड्याने तपासून घ्यायला लागतं. भिंतीवर चिकटवलेले जिराफाचे कागद शोभेला ठीक आहेत, निदानाला नाहीत.

घरी मोजायचं असेल तर भिंतीच्या तळाशी टाइलची पट्टी नसलेली जागा शोधा, किंवा दाराची सपाट चौकट. शिंप्याची कापडी टेप ताणते, म्हणून सुताराची स्टीलची टेप घ्या. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा, पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख घाला. महिन्या-महिन्याला मोजू नका. महिन्यात मुलं अर्धा सेंटिमीटरही वाढत नाहीत आणि मोजण्यातली चूकच तेवढी असते. मूल तेवढं हिरमुसतं. सहा महिन्यांनी एकदा पुरे.

वेग काढताना दोन मापांतलं अंतर भागिले महिने, गुणिले बारा. पाच महिन्यांत १.९ सेंटिमीटर वाढ म्हणजे वर्षाला ४.६. पण अंतर जितकं कमी तितकी मोजण्यातली चूक गुणाकाराने फुगते. म्हणून सहा महिन्यांहून कमी काळावरून मी वेगाचा निर्णय देत नाही, आणि वर्षभराचा मिळाला तर तोच धरते.

उंचीसोबत वजन, डोक्याचा घेर, बसून उंची आणि हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर हेही मोजायचं. शरीराचा वरचा भाग आणि पाय यांचं प्रमाण वयानुसार बदलतं. जन्मतः ते साधारण १.७ असतं, तीन वर्षांच्या सुमारास १.३ आणि दहाच्या आसपास १ वर येतं. पाय तुलनेने आखूड असतील तर हाडांच्या वाढीचे आजार, मुडदूस, जुना थायरॉइडचा दोष यांकडे लक्ष जातं. धड आखूड असेल तर मणक्याकडे. हे प्रमाण मोजायला पाच मिनिटं लागतात आणि कितीतरी महागड्या तपासण्या त्याने वाचतात.

वजनाकडे पाहून तर पहिली वाटणी होते. मूल बुटकं आणि त्याहून जास्त बारीक असेल, तर कारण बहुधा पोषणात, पोटाच्या विकारात किंवा दीर्घ आजारात सापडतं: जुलाब, मूत्रपिंडाचे दोष, हृदयविकार, क्षय, गव्हाची ॲलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात तो सिलिॲक आजार. बुटकं पण गुटगुटीत असेल तर हार्मोनचा विचार आधी करायचा. पोषण चांगलं असताना आणि वजन वाढत असताना उंची अडणं हे थायरॉइड, ग्रोथ हार्मोन किंवा शरीरातल्या जादा स्टेरॉइडचं लक्षण असू शकतं. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी कुठून कुठून आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका, सोबत आणा. त्यात स्टेरॉइड असेल तर वाढ त्यानेच अडलेली असू शकते. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप मात्र भीतीने बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेल्या पंपाने अंतिम उंचीत साधारण सेंटिमीटरभराचा फरक पडू शकतो. आटोक्यात नसलेला दमा त्याहून जास्त नुकसान करतो.

आपल्या राज्यात पोषणाचा मुद्दा किती मोठा आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. गरोदरपण आणि पहिली दोन वर्षं यांत जी उपासमार आणि आजारपणं होतात, त्यांची ही नोंद आहे. पण याच आकड्यामुळे एक उलटा धोकाही तयार होतो. अंगणवाडीच्या वहीत मूल एकदा खुरटलेलं म्हणून लागलं की पुढे दुसरं कारण कोणी शोधत नाही. आहार दिला जातो, वजन वाढतं, उंची तशीच राहते, आणि थायरॉइडचा दोष किंवा टर्नर हा गुणसूत्राचा दोष असलेली मुलगी वर्षानुवर्षं कुपोषितांच्या यादीत बसते. वजन भरलं पण उंची सहा महिने-वर्षभर हलली नाही, असं मूल अंगणवाडीताईंनी आणि आशाताईंनी आवर्जून पुढे पाठवावं.

निरोगी असूनही बुटकी राहणारी मुलं बरीच असतात, आणि त्यांचे मुख्य प्रकार दोन. एक घराण्यातच उंची कमी असलेली. ही मुलं खालच्या रेषेला धरून, पण योग्य वेगाने वाढतात आणि हाडाचं वय, म्हणजे एक्स-रेवरून हाडं किती पिकली आहेत त्याचा अंदाज, खऱ्या वयाइतकंच असतं. दुसरी उशिरा वाढणारी, बहुतेक वेळा मुलगे. वडिलांनाही नववी-दहावीनंतर मिसरूड फुटलेलं असतं, आईला पाळी उशिरा आलेली असते. त्यांचं हाडाचं वय मागे असतं, वयात उशिरा येतात आणि शेवटी आईवडिलांच्या मापाला पोहोचतात. यांना औषध लागत नाही. लागतो तो धीर, आणि वर्गात चिडवणाऱ्यांकडे शिक्षकांनी लक्ष देणं. तुमच्या मुलीच्या आजीने पाहिलेली "एकदम उंची घेणारी" मुलं बहुधा या दुसऱ्या प्रकारची असणार. पण मुलींच्या बाबतीत त्या अनुभवावर विसंबू नका. मुलींची झेप पाळी येण्याच्या आधी होऊन जाते. पाळी सुरू झाल्यावर साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढ उरलेली असते. "मोठी झाली की वाढेल" म्हणून थांबलेल्या मुली आमच्याकडे येतात तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या असतात आणि हाडांची टोकं जुळत आलेली असतात.

मला सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट. मुलगा ठेंगणा राहील या भीतीने आईबाप सातव्या वर्षी दारात असतात, आणि मुलीला "तिला कुठे पोलिसात जायचंय" म्हणून पाळी येईपर्यंत कोणी आणत नाही. नुकसान केवळ उंचीचं होत नाही. टर्नर सिंड्रोम हा साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीत आढळतो. त्यात एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः कमी असतं. उंची हे त्याचं सर्वांत ठळक, कधीकधी एकमेव दिसणारं लक्षण. जाळीदार मान, मागे खाली उतरलेले केस, कोपरातून बाहेर वळलेले हात, जन्मतः सुजलेली पावलं ही पुस्तकातली चिन्हं कित्येक मुलींत नसतातच. पण या मुलींच्या हृदयाच्या झडपेत आणि महाधमनीत दोष असू शकतो, मूत्रपिंडाची रचना वेगळी असू शकते, कान वारंवार फुटतात, थायरॉइड बिघडतो, आणि बहुतेकींना पाळी आपणहून येत नाही. वेळेवर कळलं तर हृदयाची काळजी घेता येते, ग्रोथ हार्मोनने उंची बरीच सुधारते आणि अकरा-बारा वर्षांपासून इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या छोट्या मात्रा देऊन वयात आणता येतं. म्हणून नियम साधा आहे: कारण न सापडलेली प्रत्येक बुटकी मुलगी, चेहऱ्यामोहऱ्यात काही दिसो वा न दिसो, तिची गुणसूत्र तपासणी झालीच पाहिजे. कॅरिओटाइप म्हणून ती मिळते. त्यात निदान ३० पेशी मोजल्याचं अहवालावर लिहिलेलं असावं, कारण काही मुलींत दोष थोड्याच पेशींत असतो. तुमच्या मुलीसाठी ही तपासणी मी पहिल्या फेरीतच सांगेन.

बाकी पहिली फेरी अशी: हिमोग्रॅम आणि ईएसआर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, रक्तातलं बायकार्बोनेट, लघवी, थायरॉइडसाठी टीएसएचसोबत फ्री टी-४, आणि सिलिॲकसाठी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज अँटिबॉडी, सोबत एकूण आयजीए. टीएसएच एकट्याने पुरत नाही, कारण मेंदूतली पिट्युटरी ग्रंथीच कमी पडत असेल तर टीएसएच सामान्य दिसतं आणि टी-४ उतरलेलं असतं. सिलिॲकच्या तपासणीआधी कोणी सांगितलं म्हणून पोळी बंद करू नका, गहू बंद असताना ती तपासणी खोटी चांगली येऊ शकते. बायकार्बोनेट अनेक पॅकेजांत नसतं. मूत्रपिंडातून शरीराचं आम्ल बाहेर न पडण्याचा जो आजार आहे, तो त्याशिवाय पकडता येत नाही. मूल खूप पाणी पितं, सारखी लघवीला जातं आणि वाढत नाही, एवढाच त्याचा गाजावाजा असतो. आणि सोड्यासारख्या साध्या औषधावर ते वाढायला लागतं.

डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक एक्स-रे हाडाच्या वयासाठी लागतो. हाडाचं वय वर्षभर पुढेमागे असणं सामान्य आहे, तेवढ्यावरून घाबरू नये. अहवालात कोणत्या पद्धतीने वाचलं ते लिहून घ्या: ग्रोयलिश-पाइल ॲटलास की टॅनर-व्हाइटहाउस. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांना जोडता येत नाहीत. फिल्म किंवा सीडी घरी जपा. दोन वर्षांनी तुलना करायची असते ती चित्राशी, नुसत्या आकड्याशी नाही.

आता ते पॅकेज. ग्रोथ हार्मोन रक्तात लाटांनी येतं, मुख्यतः गाढ झोपेत. सकाळी लॅबमध्ये कधीतरी घेतलेल्या नमुन्यात ते जवळजवळ शून्य येऊ शकतं आणि मूल अगदी निरोगी असतं. त्या आकड्यावरून कमतरता ठरत नाही, फक्त घर हादरतं. त्याची खरी तपासणी वेगळी आहे. उपाशीपोटी क्लोनिडीन किंवा ग्लुकागॉनसारखं औषध देऊन ठरावीक अंतराने अनेक नमुने घेतात, सोबत नर्स असते, कारण क्लोनिडीनने मूल पेंगतं आणि रक्तदाब उतरतो. साधारणपणे दोन वेगळ्या औषधांनी ती करतात. थायरॉइड आधी दुरुस्त केलेला असावा लागतो. आणि ती फक्त त्याच मुलांची करतात ज्यांचा वेग मंद आहे, हाडाचं वय मागे आहे आणि बाकी कारणं निकालात निघाली आहेत. आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाने शरीरात बनणारा घटक, याची तपासणी मदत करते, पण लहान आणि कुपोषित मुलांत ती अशीही कमी येते. कमतरता सिद्ध झाली तर पिट्युटरीचा एमआरआय लागतो.

काही मुलांना मात्र ही पायरी-पायरीची वाट नाही. उंची अडली आहे आणि सोबत सकाळची डोकेदुखी, उलट्या, नजर कमी होणं, एकाएकी खूप तहान आणि लघवी असेल तर मेंदूतल्या गाठीची शंका घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. जन्मानंतर साखर वारंवार उतरलेली, कावीळ लांबलेली, मुलाचं लिंग खूप लहान, टाळू फाटलेली किंवा पुढचा एकच मधला दात असलेली मुलंही लवकर पाठवावीत.

जन्माच्या वेळचं वजन आणि किती आठवड्यांना जन्म झाला, हे विसरून येऊ नका. पूर्ण दिवसांचं पण कमी वजनाचं बाळ बहुधा दोन वर्षांत उंची भरून काढतं, दहापैकी साधारण नऊ जण काढतात. राहिलेल्या एकाला ग्रोथ हार्मोनचा उपयोग होऊ शकतो, आणि त्याला आधार लागतो तो प्रसूतीच्या डिस्चार्ज कार्डाचा.

नोंदीबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रश्नात कागदांचं विचारलंय आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही हे सांगायचंय. "उंची कमी, ग्रोथ हार्मोन तपासा" ही नोंद नाही. वाचणाऱ्या पुढच्या डॉक्टरला मूल समोर नसताना समजलं पाहिजे. नमुन्यादाखल एक लिहिते:

दि. १४-७-२०२५, सकाळी १०.३०. जन्म १४-३-२०१६, जन्मदाखल्यावरून. वय ९.३३. उंची ११५.१, ११५.०, ११५.२, सरासरी ११५.१, स्टॅडिओमीटर. तिसऱ्या पर्सेंटाइलखाली, आयएपी २०१५. मागील उंची दि. १६-७-२०२४ रोजी १११.६, याच यंत्रावर. वेग वर्षाला ३.५. वडील १६५.२, आई १५१.८, दोघेही मोजले. अपेक्षित उंची १५२. शरीराचं प्रमाण सामान्य. स्तनवाढ नाही. हृदय, पोट, थायरॉइड, त्वचा तपासली, दोष नाही. मान, कोपर, नखं, टाळू पाहिले, विशेष नाही. निदान: बुटकेपणा, वेग मंद, कारण तपासाधीन.

यातल्या बारीक गोष्टींना अर्थ आहे. ९ वर्षं ४ महिने म्हणजे ९.३३, ते ९.४ लिहिलं की तक्त्यावरचा ठिपका सरकतो. जन्मतारीख दाखल्यावरून घ्यायची, कारण शाळेत नाव घालताना १ जून लावायची जुनी रीत अजून कुठे कुठे टिकून आहे आणि त्यात मुलाचं वय कित्येक महिन्यांनी चुकतं. "दोष नाही" हेही लिहायचं, म्हणजे काय पाहिलं गेलं ते कळतं. वयात येण्याची पायरी लिहिल्याशिवाय वेगाला अर्थ नाही: वयात आलेल्या मुलीचा ५ सेंटिमीटरचा वेग कमी असतो आणि न आलेलीचा पुरेसा. मुलग्यांत वृषणाचं आकारमान ठरावीक मापांच्या मण्यांच्या माळेशी ताडून लिहायचं, ४ मिलिलिटर ही वयात येण्याची सुरुवात. आणि पुरावा नसताना निदानाच्या रकान्यात हार्मोनची कमतरता लिहायची नाही. एकदा लिहिलेलं लेबल विम्याच्या कागदांत, शाळेत आणि घरच्या बोलण्यात चिकटून राहतं. कारण सापडलं की त्या कारणाचं नाव लिहावं, तोवर लक्षणाचं.

ही फाइल पुढेही लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये बुटकेपणा हा स्वतंत्र प्रकार आहे: वैद्यकीय किंवा जनुकीय कारणाने प्रौढ उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असणं. अकॉन्ड्रोप्लेजियासारख्या हाडांच्या वाढीच्या जनुकीय आजाराच्या मुलांना मोठेपणी प्रमाणपत्र काढताना लहानपणीचे एक्स-रे, जनुकीय अहवाल आणि उंचीच्या नोंदी हाताशी असल्या की धावपळ कमी होते.

उपचाराबद्दल एवढंच. ग्रोथ हार्मोन हे साधारणपणे रोज रात्री त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन आहे, वर्षानुवर्षं, आणि महाग. ठरलेल्या आजारांत ते उत्तम काम करतं आणि जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. हाडांची टोकं जुळल्यावर ते किंवा दुसरं कुठलंही औषध उंची वाढवत नाही. टीव्हीवरच्या पावडरी, उंचीचे काढे, बारला लटकणं यांनी उंची वाढत नाही. डाळ, दूध, अंडं, भाजी, रात्रीची पुरेशी झोप आणि मैदानावरचा खेळ मुलाला हवाच, पण थायरॉइडची कमतरता किंवा गुणसूत्राचा दोष त्याने भरून निघत नाही.

तर ताई, या आठवड्यात जन्मदाखला, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं एका पिशवीत घाला. आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, तिघांचीही उंची तिथे मोजून घ्या आणि वरची पहिली फेरी गुणसूत्र तपासणीसह करून घ्या. अहवाल घेऊन मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभागातून त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं. मुलीला दवाखान्यात का नेतोय ते आधी तिच्याशी बोला, "तू बुटकी आहेस म्हणून" असं न म्हणता "तुझं शरीर कसं वाढतंय ते पाहायचंय" असं सांगा, आणि तिच्यासमोर कोणाशीही तिची तुलना होऊ देऊ नका. तिला धाकटं भावंड असेल तर त्याचीही उंची त्याच दिवशी मोजून फाइल सुरू करा.